रक्तातली खूण काय सांगते आणि काय सांगत नाही

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. तोवर मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचलेत का, हे पाहायचं तर एक तर महागडा पेट स्कॅन करावा लागे, नाही तर पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागे. आता त्याचा बऱ्यापैकी अंदाज दंडातून काढलेल्या रक्तावरून येतो. बातमी खरी आहे आणि मोठीही आहे. पण अशा बातम्या आल्या की लोकांच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक आशा, की चला, आता सगळं आधीच कळणार. आणि एक धास्ती, की मी आत्ताच तपासून घ्यायला हवं का?

त्यात भर म्हणजे 'जैविक वय' सांगणाऱ्या चाचण्या. लाळ किंवा रक्ताचे चार थेंब पाठवायचे आणि उत्तर येतं: तुमचं वय ४५, पण शरीर ५१ वर्षांचं. हे वाचून ज्याची झोप उडणार नाही असा माणूस विरळा.

या सगळ्याच्या मुळाशी एकच संकल्पना आहे, बायोमार्कर. ती नीट समजली तर अशी बातमी वाचताना कुठे थांबून विचार करायचा हे कळतं. म्हणून अगदी पायापासून सुरुवात करतो.

'मधुमेह' या शब्दातच एक खूण आहे

मधु म्हणजे मध आणि मेह म्हणजे लघवीचा विकार. या रुग्णांच्या लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांनी पाहिलं आणि आजाराचं नावच त्यावरून ठेवलं. इन्सुलिन काय असतं, साखर रक्तात का साठते, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. पण शरीराबाहेर दिसणाऱ्या आणि कुणालाही तपासून पाहता येणाऱ्या एका खुणेवरून आत काहीतरी बिघडलंय हे त्यांनी ओळखलं.

बायोमार्कर म्हणजे हेच. शरीरातली मोजता येणारी अशी गोष्ट, जिच्यावरून आत काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो. यात 'मोजता येणारी' हा शब्द महत्त्वाचा. थकवा येतो, गुडघा दुखतो, हे रुग्ण सांगतो. त्याला लक्षण म्हणायचं. रक्तदाब, क्रिएटिनिन, ईसीजीवरची रेघ ही कुणीही मोजली तरी साधारण तीच येते, म्हणून ती खूण. यापुढे मी 'खूण' हाच शब्द वापरणार आहे.

एक खूण जवळून पाहू. एचबीए१सी हे नाव आता घरोघरी ऐकू येतं. तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन असतं आणि ती पेशी साखर मिसळलेल्या रक्तात सतत पोहत असते. त्यातली थोडी साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि एकदा पक्की बसली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. रक्तात साखर जितकी जास्त, तितकं हिमोग्लोबिन माखलेलं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे तुमच्या एका नळीभर रक्तात काल जन्मलेल्या कोऱ्या पेशी असतात आणि तीन महिने साखरेत भिजलेल्या म्हाताऱ्या पेशीही असतात. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर किती राहिली ते कळतं. उपाशीपोटीची साखर हा एका क्षणाचा फोटो असतो. एचबीए१सी हा हजेरीपट आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून त्याला फसवता येत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

आता याच वर्णनातून ही खूण कुठे फसेल तेही कळतं. एखाद्याच्या तांबड्या पेशी काही कारणाने लवकर मरत असतील, तर त्यांना माखायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तो असायला हवा त्याहून जास्त येऊ शकतो. साखर तीच, आकडा वेगळा. खूण कशी उमटते हे माहीत असेल तरच ती कधी चुकते ते कळतं, आणि मला वाटतं, या विषयातलं निम्मं शहाणपण एवढंच आहे.

रिपोर्टवर आकड्यापुढे 'एच' आला की

रिपोर्ट हातात पडला की डोळे आधी ठळक अक्षरं शोधतात. आकड्यापुढे 'एच' म्हणजे जास्त, 'एल' म्हणजे कमी. शेजारी एक पट्टा दिलेला असतो, अमुक ते अमुक. हा पट्टा ठरतो कसा?

बहुतेक चाचण्यांसाठी निरोगी माणसांचा एक मोठा गट घेतात, सगळ्यांचं मोजमाप करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या मर्यादेत येतात तिला 'नॉर्मल' म्हणतात. म्हणजे व्याख्येनेच, धडधाकट असलेल्या शंभरातले पाच जण पट्ट्याबाहेर जातात. आता 'संपूर्ण आरोग्य तपासणी' म्हणून एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. गणित सोपं आहे: ०.९५ ला स्वतःशी २० वेळा गुणायचं, ०.३६ उरतात, तेवढ्यांचंच सगळं 'नॉर्मल'.

सगळे पट्टे असे ठरत नाहीत. कोलेस्टेरॉल किंवा एचबीए१सीची मर्यादा ही बहुतेक लोक कुठे आहेत यावरून ठरलेली नाही, कुठून पुढे धोका वाढतो यावरून ठरली आहे. रिपोर्टवर मात्र दोन्ही पट्टे सारखेच छापलेले दिसतात, आणि हे कुणी समजावून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. एका 'एच'पायी माणसं आठवडाभर जेवत नाहीत.

कारण, परिणाम की नुसता सोबती?

संशोधनाच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: अमुक घटक आणि तमुक आजार यांचा संबंध आढळला. 'संबंध' या शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

खूप सिगारेटी ओढणाऱ्याची बोटं पिवळी पडतात. पिवळी बोटं असलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळेल, ही खूण खरीच. पण बोटं घासून स्वच्छ केली म्हणून कर्करोग टळत नाही. पिवळेपणा हा कर्करोगाचा सोबती, कारण नव्हे. एखादी खूण आजाराचं कारण असू शकते, आजाराचा परिणाम असू शकते किंवा तिसऱ्याच कारणाने दोघं एकत्र दिसत असतील. आणि चौथी शक्यता म्हणजे निव्वळ कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडलेली.

हे वेगळं कसं काढायचं? एक फार सुंदर युक्ती आहे. आईवडिलांकडून आपल्याला कोणती जनुकं मिळतात हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्यात आपली श्रीमंती, सवयी, व्यायाम यांचा काही हात नसतो. काहींच्या वाट्याला अशी चिठ्ठी येते की एखादा घटक त्यांच्या रक्तात जन्मभर कमी राहतो. मग अशा लोकांना तो आजार कमी होतो का, एवढंच पाहायचं. निसर्गाने स्वतःच केलेला प्रयोग.

एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, या परीक्षेत उतरलं. पीसीएसके९ नावाच्या जनुकात एक बिघाड असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. एलडीएल हे नुसता सोबती नाही, कारणांपैकी एक आहे, याचा यासारखा पुरावा मिळणं अवघड. औषधाने ते उतरवलं की जीव वाचतो हेही त्याआधीच दिसलं होतं: १९९४ सालच्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन दिलं, निम्म्यांना औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी. साडेपाच वर्षांच्या आसपास औषधाच्या गटात १८२ जण दगावले, दुसऱ्या गटात २५६.

सीआरपीची गोष्ट उलटी. हे प्रथिन शरीरात कुठेही दाह असला की वाढतं. १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. हृदयविकार होणाऱ्यांतही ते वाढलेलं असतं, म्हणून ते हृदयविकाराचं कारण असावं असं बरेच दिवस वाटत होतं. पण जन्मतःच ज्यांचं सीआरपी जास्त असतं त्यांना हृदयविकार जास्त होत नाही, असं चिठ्ठीच्या परीक्षेत दिसलं. ते आगीची वर्दी देतं, आग लावत नाही. वर्दी देणाऱ्याचा उपयोग आहेच, पण त्याचं तोंड बंद करून आग विझत नाही.

आकडा सुधारला, माणसं दगावली

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या संपूर्ण विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट इथे आहे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या ईसीजीत मधूनमधून जास्तीचे ठोके दिसतात. असे ठोके असलेल्यांचा मृत्यू जास्त होतो, हे निरीक्षण पक्कं होतं. हे ठोके दाबणारी औषधंही होती, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड. ती घेतली की ईसीजी साफ व्हायचा. डॉक्टरांनी ती भरवशाने दिली. ठोके धोकादायक, औषधाने ठोके जातात, म्हणजे धोका जाणार, यात चुकण्यासारखं कुणाला काय दिसणार?

शेवटी रीतसर चाचणी झाली, तिचं नाव कास्ट. ७५५ जणांना औषध, ७४३ जणांना निष्क्रिय गोळी. सरासरी दहा महिन्यांत निष्क्रिय गोळीच्या गटात २६ मृत्यू झाले आणि औषधाच्या गटात ६३. खूण पुसली गेली आणि माणसं मात्र दुपटीहून जास्त मेली. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग तातडीने थांबवावा लागला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण इतक्या भीषण अर्थाने खरी ठरलेली मला दुसरीकडे माहीत नाही.

सतरा वर्षांनी तसंच घडलं. एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल. ते ज्यांचं जास्त त्यांना हृदयविकार कमी. टॉर्सेट्रापिब या औषधाने ते ७२ टक्क्यांनी वाढलं, वर एलडीएल २५ टक्क्यांनी उतरलं. रिपोर्ट म्हणून पाहिला तर स्वप्नवत. पण सुमारे १५,००० लोकांवरची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते. औषध रक्तदाबही चढवत होतं. एचडीएल मुळात कारण आहे की सोबती, हा प्रश्नही पुढे आला. जनुकांमुळे ज्यांचं एचडीएल जन्मतः जास्त असतं त्यांना हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षण मिळतंच असं नाही, हे २०१२ मध्ये दिसलं.

म्हणून 'या औषधाने अमुक खूण सुधारली' असं वाचलं की पुढचा प्रश्न एकच: ते औषध घेणारी माणसं जास्त जगली का, कमी आजारी पडली का? हे उत्तर मिळायला वर्षं लागतात, खूण मात्र काही आठवड्यांत बदलते. संशोधकांना, कंपन्यांना आणि रुग्णांनाही खुणेचा मोह का पडतो ते यात आहे. तो मोह समजण्यासारखा आहे. मरणाच्या दारात असलेल्याला दहा वर्षं थांबा म्हणता येत नाही.

पण आधी कळलं तर बरंच ना?

हा सर्वांत स्वाभाविक आक्षेप. आजार जितका लवकर पकडू तितकं बरं, यात वाद कसला?

ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात रजोनिवृत्ती झालेल्या ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून जास्त स्त्रियांची नोंदणी झाली. अंडाशयाचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो आणि म्हणून जीवघेणा ठरतो. एका गटात दरवर्षी रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन मोजलं, एका गटात सोनोग्राफी, आणि एका गटात काहीच नाही. रक्तचाचणीच्या गटात कर्करोग खरोखरच आधीच्या टप्प्यात सापडले. पण २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंच्या संख्येत फरक पडलेला नव्हता. आजार आधी कळला, शेवट बदलला नाही. काही स्त्रियांच्या वाट्याला त्यातून फक्त एवढंच आलं की त्या आजाराची जाणीव घेऊन जास्त काळ जगल्या.

दुसरी अडचण गणिताची आहे. हिशेबासाठी अशी चाचणी घ्या की ती आजारी शंभरांतल्या ९० जणांना बरोबर पकडते आणि निरोगी शंभरांतल्या ९० जणांना बरोबर सोडून देते. आता कसलीही तक्रार नसलेल्या १,००० लोकांना ती करा, ज्यांत खरे आजारी १० आहेत. त्या दहांतले ९ पकडले जातील. उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ जणांनाही 'पॉझिटिव्ह' शिक्का बसेल. एकूण १०८ जण घाबरून बसले, त्यांतले खरे आजारी ९. म्हणजे बाराला एक.

आता हीच चाचणी अशा १,००० लोकांना करा की जे तक्रारी घेऊन तज्ज्ञाकडे आलेत आणि ज्यांत ५०० खरोखर आजारी आहेत. ४५० बरोबर पकडले जातील, ५० चुकून. शिक्का बसलेल्या दहांपैकी नऊ जण खरे आजारी. चाचणी तीच, रसायनं तीच, यंत्र तेच. फक्त ती कुणाला केली हे बदललं.

म्हणूनच अल्झायमरच्या त्या रक्तचाचणीची परवानगी ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या, लक्षणं दिसू लागलेल्या आणि तज्ज्ञांकडे तपासणी चाललेल्या रुग्णांपुरती आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणून कुणीही उठून करावी अशी ती नाही. शिवाय मेंदूत अमायलॉइड साचलेलं असूनही ज्यांची स्मृती शाबूत आहे अशी वयस्क माणसं बरीच आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना आयुष्यात कधीच विस्मृतीचा आजार होणार नाही. त्यांना हा आकडा सांगून काय साधायचं?

शरीराचं वय लिहिलेलं कुठे असतं?

आता वयाकडे. साठीच्या दोन व्यक्ती शेजारी उभ्या केल्या तर एक जिना धावत चढते, दुसरी दोन पायऱ्यांवर धापा टाकते. जन्मतारीख सारखी असूनही आतली झीज वेगळी आहे, हे डोळ्यांना दिसतं. ती झीज मोजता येईल का, हा खरा प्रश्न.

आधी टेलोमियरची चर्चा झाली. गुणसूत्रांच्या टोकांना एक संरक्षक टोपण असतं, बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं तसं. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं, एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरॉल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना. शोध थोर आहे, पण एकट्या माणसाचं वय सांगायला ही पट्टी कुचकामी ठरली. एकाच वयाच्या लोकांत लांबीचा फरक फार मोठा असतो, आणि लांब टेलोमियर म्हणजे सगळं चांगलं असंही नाही, काही कर्करोगांचा धोका त्यांच्यात उलट वाढतो. उंदरांचे टेलोमियर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि ते जगतात दोन-तीन वर्षं.

खरी खळबळ २०१३ मध्ये झाली. ती समजायला डीएनए म्हणजे एक जाडजूड ग्रंथ आहे असं समजा. प्रत्येक पेशीत तोच ग्रंथ. पण यकृताच्या पेशीला हवी असलेली पानं वेगळी, मेंदूच्या पेशीला हवी असलेली वेगळी. म्हणून नको असलेल्या पानांवर बारीक कागदी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, 'हे वाचू नये'. ही पट्टी म्हणजे मिथाइल नावाचा रेणूचा तुकडा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. ग्रंथाची अक्षरं आयुष्यभर जवळपास तीच राहतात, पट्ट्या मात्र वर्षानुवर्षांत काही ठिकाणी गळतात आणि काही ठिकाणी नको तिथे चिकटतात.

स्टीव्ह होर्वाथ या संशोधकाने माणसाच्या ५१ प्रकारच्या ऊती आणि पेशींचे सुमारे ८,००० नमुने संगणकाला दिले. शोध असा लागला की ग्रंथातल्या फक्त ३५३ जागांवरच्या पट्ट्या पाहिल्या तर नमुना देणाऱ्याचं वय सांगता येतं, आणि चूक साधारण साडेतीन वर्षांच्या आसपास. रक्त असो, मेंदू असो की यकृत, सूत्र तेच. वाचून अंगावर काटा आला होता. शरीर आपलं वय इतक्या नेटकेपणाने कुठेतरी लिहून ठेवत असेल असं कुणाला वाटलं होतं?

पण यात एक पेच आहे. जे घड्याळ जन्मतारीख अचूक सांगतं त्याचा उपयोग काय? ती तर आपल्याला ठाऊकच असते. आपल्याला हवा आहे तो फरक, म्हणजे पट्ट्या सांगतात ते वय आणि खरं वय यांतलं अंतर, आणि तो फरक खरोखर झिजेचा आहे की निव्वळ मोजमापातली चूक आहे हे कळायला हवं. म्हणून पुढची घड्याळं वेगळ्या पद्धतीने घडवली गेली. २०१९ चं ग्रिमएज हे जन्मतारखेऐवजी मृत्यूचा अंदाज बांधायला शिकवलेलं आहे. डुनेडिनपेस हे तर वय सांगतच नाही, वेग सांगतं: एका वर्षात तुमचं शरीर किती वर्षांनी म्हातारं होतंय. १ म्हणजे वर्षाला वर्ष. मोठ्या गटांवर पाहिलं तर ही घड्याळं खरंच बोलतात. धूम्रपान करणाऱ्यांत ती पुढे असतात आणि ज्यांत ती पुढे, त्यांत पुढे आजार आणि मृत्यू जास्त.

माझं जैविक वय सहा वर्षांनी कमी आलं, ते खोटं का?

खोटं नाही. पण गटाबद्दल खरी असलेली गोष्ट एका माणसाबद्दल तितकीच खरी असेलच असं नाही. त्यात मोजमापाचा प्रश्न येतो. रक्ताचा एकच नमुना दोन भागांत वाटून दोनदा तपासला, तर काही घड्याळांच्या उत्तरांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असं २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवलं आणि तो कमी करण्याची गणिती पद्धतही सुचवली. पण तुमच्या हातातल्या उत्तरामागे कोणतं घड्याळ आणि कोणती पद्धत आहे, हे बहुतेकदा तुम्हाला सांगितलेलं नसतं. सहा वर्षं कमी आल्याचा आनंद आणि तीन वर्षं जास्त आल्याचं दुःख, दोन्ही त्या चुकीच्या आत बसतात.

मग दिवसांचा प्रश्न. खुब्याचं हाड मोडून तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचं जैविक वय शस्त्रक्रियेनंतर एकदम वाढतं आणि काही दिवसांत परत खाली येतं, असं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं. गरोदरपणात ते वाढतं, बाळंतपणानंतर उतरतं. मला हे वाचून उलट बरं वाटलं, कारण याचा अर्थ ही खूण एका दिशेनेच चालणारी नाही. पण तापातून उठल्यावर आठ दिवसांनी केलेल्या चाचणीला काय म्हणायचं, हेही त्यातून कळतं.

आणि घड्याळांचं एकमेकांशी जमत नाही. दोन वर्षं कमी खाणाऱ्या निरोगी लोकांची एक काटेकोर चाचणी झाली आहे, २२० जणांची. त्यात डुनेडिनपेसच्या हिशेबाने म्हातारपणाचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावला. ग्रिमएजसह इतर घड्याळांत काहीच फरक दिसला नाही. कुणाचं ऐकायचं? शिवाय सगळं शरीर एका वेगाने म्हातारं होतच नसेल तर एकच आकडा कसा पुरेल? २०२३ मध्ये रक्तातल्या हजारो प्रथिनांवरून अकरा अवयवांचं वय वेगवेगळं काढलं गेलं, तेव्हा जवळपास पाचातल्या एका माणसाचा कुठला तरी एकच अवयव वयाच्या मानाने खूपच म्हातारा निघाला. कुणाचं हृदय, कुणाचं मूत्रपिंड. मला या वाटेकडून जास्त आशा आहे, कारण 'तुम्ही ५१ वर्षांचे आहात' यावर काही करता येत नाही, 'मूत्रपिंडाकडे लक्ष द्या' यावर येतं.

हातातली ताकद

एवढ्या महागड्या यंत्रांच्या गर्दीत एक साधी खूण मागे पडते. एक दांडा मुठीत धरून जोराने आवळायचा, काटा किती किलो दाखवतो ते पाहायचं. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुठीची ताकद ५ किलोंनी कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि त्या बाबतीत ती वरच्या रक्तदाबापेक्षाही चांगला अंदाज देत होती. चालण्याचा वेगही तसाच बोलका.

इथेही वरचाच प्रश्न विचारायला हवा. फक्त मुठीचा व्यायाम करून ५ किलो वाढवले तर आयुष्य वाढेल का? तसं मानायला आधार नाही. मूठ ही अख्ख्या शरीराच्या स्नायूंची, नसांची आणि पोषणाची साक्षीदार आहे. साक्षीदाराला पढवून खटला जिंकता येत नाही.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का?

असं अजिबात नाही, आणि कुणी या लेखाचा तसा अर्थ काढला तर मला खरोखर वाईट वाटेल. रक्तदाब, एलडीएल, एचबीए१सी या खुणा परीक्षांमधून तावून सुलाखून निघाल्या आहेत. त्या वाढलेल्या असतात तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही आणि त्या ताब्यात ठेवल्या की झटके, पक्षाघात, डोळे आणि मूत्रपिंडं निकामी होणं टळतं, हे मोजून दाखवलेलं आहे. छातीत दुखू लागल्यावर ट्रोपोनिन मोजणं म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का हे तासाभरात किंवा काही तासांत कळणं. तिथे चालढकल जिवावर बेतते.

फरक एवढाच की प्रत्येक खुणेने आपली परीक्षा स्वतः द्यावी लागते. रक्तदाब पास झाला म्हणून जैविक वयाचं घड्याळ आपोआप पास होत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर एक प्रश्न मात्र चाचणी करण्याच्या आधी विचारावा: उत्तर काहीही आलं तरी पुढे आपण काय वेगळं करणार आहोत? उत्तर 'काही नाही' असेल तर ती चाचणी कुतूहल शमवेल किंवा झोप उडवेल, दुसरं काही करणार नाही.

घड्याळांची परीक्षा कुठवर आली आहे?

न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बाळांवर संशोधकांनी नजर ठेवायला सुरुवात केली आणि ती आजतागायत सोडलेली नाही. २६, ३२, ३८ आणि ४५ व्या वर्षी प्रत्येकाचं रक्त, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, दात, हिरड्या अशा १९ खुणा मोजल्या गेल्या आणि कोण किती वेगाने झिजतंय ते निघालं. डुनेडिनपेस हे घड्याळ त्यातूनच घडलं. पंचेचाळिशीत ज्यांचा वेग जास्त होता ते तेव्हाच हळू चालत होते आणि त्यांचे चेहरे फोटोत इतरांना जास्त वयस्कर दिसत होते.

ही माणसं आता नुकतीच पन्नाशी ओलांडताहेत. हृदयविकार, पक्षाघात, विस्मृती हे ज्या वयात यायला लागतात त्या वयाच्या दारात ती आहेत. त्यांच्यापैकी कुणाला काय होतं, कुणाचं घड्याळ खरं बोललं होतं, हे पुढच्या दहा-वीस वर्षांत त्यांच्याच नोंदवह्यांत उतरणार आहे.